रीटाचं नाव

सत्तर सालच्या आसपास मी गोरेगावला एका छोट्या प्रकाशनात होते, तेव्हाचं सांगते. आम्ही मुलांची चित्रांची पुस्तकं छापायचो. गोष्टीत नावाची जागा कोरी असायची. ज्या मुलासाठी पुस्तक, त्याचं नाव तिथे मी शाईने लिहायचे.

एकदा एक बाई पाच वर्षांच्या रीटाला घेऊन आल्या. रीटाने तिचं नाव लिहिलेलं पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि चित्रातल्या मुलीवर बोट ठेवलं.

"ही मी नाही. हिला दोन वेण्या आहेत."

"अगं, पण नाव तुझंच आहे ना?"

"मग माझं नाव हिला का दिलंत? परत द्या."

मी गोंधळून तिच्या आईकडे पाहिलं.

"कालपासून नीट जेवत नाहीये," त्या म्हणाल्या. "देऊन टाका."

मी पानापानावरचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलं. रीटाने सगळी पानं तपासली आणि ती रडवेली झाली.

"आता हिला हाक कशी मारायची?"