पावडरीचे सहा डबे

बाळाचं वजन करायला मी रांगेत उभी होते. पुढे आजोबा काट्यावर, आजी शेजारी, आणि वही घेतलेल्या आहारतज्ज्ञ बाई.

"आजोबा, वजन वाढल्याशिवाय ऑपरेशन नाही. तुमचं तर घटलंय! आमच्या संशोधनासाठी दिलेली पावडर घेतलीत ना?"

"सहाही डबे संपले."

"मग वजन गेलं कुठे?"

"हे काय, शेजारी उभंय."

"अगं बाई!" आजी म्हणाल्या. "मला म्हणाले, सोबतच्या माणसासाठी दिलीय!"

"माझं करून करून काडी झाली होती हो तिची. आता बघा, कशी दिसते!"

"आजोबा, संशोधन तुमच्यावर चाललंय."

"निकाल चांगला आलाय की. लिहा."

"काही लिहू नका, बाई. नवे डबे माझ्या हातात द्या. बघतेच, कसे पीत नाहीत ते."

"अर्धं अर्धं घेऊया?"

"आधी काट्यावरून उतरा. हळू. माझा हात धरा."