सातव्या मजल्यावरून

(ठाण्यातलं सरकारी हॉस्पिटल. दुपार. पंधरा वर्षांच्या संचिताचा आणि आठ वर्षांच्या दिशाचा जबाब हवालदार निशा लिहून घेत आहेत.)

निशा : म्हणजे प्रभाकर काकानेच तुम्हाला त्या अर्धवट टॉवरमध्ये नेलं?

संचिता : हो मॅडम. म्हणाला, घोडबंदरला आपल्या शेतावर टॉवर उभा राहतोय, तुमचा फ्लॅट बघायला चला. आई-पप्पा गेल्यापासून ती जमीन आम्हा बहिणींच्या नावावर आहे ना. आम्ही नसलो की त्याची.

निशा : हे तुला कुणी सांगितलं?

संचिता : फोनवर तोच बोलत होता. मी तिकडेच कपडे वाळत घालत होते.

दिशा : त्याने आमच्या आंघोळीच्या बादलीला करंटची वायर पण लावलेली. मग विसरला, स्वतःच हात घातला नि भाजला.

संचिता : आठ दिवस मी भरवलं त्याला. चमच्याने.

निशा : बरं. सातव्या मजल्यावर काय झालं?

संचिता : लिफ्ट बसायचीय, नुसता खड्डा आहे. दिशाला म्हणाला, वाकून बघ, खाली कबुतराची पिल्लं आहेत.

दिशा : नव्हती.

संचिता : ढकललं तिला. दोन मजले खाली जाळी बांधलेली, तिच्यात पडली. हात मोडला. मग त्याने माझा गळा धरला. हाताला फावडं लागलं, तेच तोंडावर मारलं. दात पडले त्याचे. खाली बसला नि म्हणाला, अगं, मी तुझा काका ना.

निशा : मग?

संचिता : मग गुडघ्यावर मारलं. आधी एकावर, नंतर दुसऱ्यावर.

निशा : तो खाली पडलेला असताना? विचार करून सांग. मला हे लिहावं लागेल.

संचिता : लिहा. दिशा हाका मारत होती, जाळीची एक दोरी सुटलेली. तो मागून आला असता तर मला तिला काढता आलं नसतं. हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा थांबले.

निशा : जिवंत आहे तो. दाराशी पोलीस बसवलेत.

दिशा : परत घरी येणार?

निशा : नाही. तुमची दर्शना मावशी कल्याणहून निघालीय. तोवर झोपा जरा.

दिशा : ताई, तू झोप. जागायचा नंबर माझा.

निशा : कसला नंबर?

संचिता : काकाकडे आम्ही दोघी एकदम कधी झोपलो नाही, मॅडम.

निशा : आता झोपा दोघी. मी इथेच बसलेय.