जपानीणीला हँडल कोणी मारायचं

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे.

मी शाळेत भाषा शिकवतो, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. आज त्या शिकवण्याचा काही उपयोग नाही. ‘भास्कर राऊत गेला.’ घरून निघताना हे वाक्य मी स्वतःशी म्हणून पाहिलं. वाक्य पूर्ण आहे. पटत मात्र नाही.

तुमचं लक्ष माझ्याकडे नाही, हेही मला दिसतं आहे. माझंही नाही. आपण सगळे त्या चिंचेखाली बघतो आहोत. गाडी तिथे उभी आहे. बॉनेटवर चिंचेचा पाला साचला आहे. भास्करला ताप भरला त्या संध्याकाळपासून तिला कोणी हँडल मारून सुरू केलेलं नाही. सुमनवहिनी सकाळी मला म्हणाल्या, “भावोजी, त्यांचे गुण सांगत बसू नका. त्या गाडीचं काय ते बोला. तापातही त्यांचं तेच चाललं होतं.”

म्हणून गाडीचंच बोलतो.

लढाई संपल्यावर कल्याणला लष्करी मालाचे लिलाव होत होते. सगळे अमेरिकन गाड्यांवर तुटून पडत होते. भास्कर आपल्या बागायतदार मंडळासाठी कोपऱ्यातली एक मालवाहू गाडी घेऊन आला. ब्रह्मदेशात पकडलेली, जपानी. आळीत ती शिरली तेव्हा बाबूकाका ओट्यावर बसले होते. काका, तुम्हाला आठवत असेल.

तुम्ही म्हणालात, “जपानी? अरे, चावी दिली की चालते का? मुलांना खेळायला आणलीस?”

तो म्हणाला, “काका, अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला. हिचं उजव्या हाताला. रस्त्याच्या कुठल्या बाजूने जायचं, हे हिला शिकवावं लागणार नाही.”

बायकांनी तिला त्याच दिवशी नाव दिलं. जपानीण.

मला मात्र कळत नव्हतं. हा माणूस लष्करात गाड्या चालवत होता. ब्रह्मदेशातून माघार घेताना तो जीव घेऊन पळाला होता. मी त्याला विचारलं, “ज्यांनी तुला पळवलं त्यांचीच गाडी कशाला?” तो गाडीखाली आडवा पडला होता. तिथूनच म्हणाला, “मास्तर, जिच्यापुढे पळालो ती उघडून बघायची होती.”

त्याने ती उघडली. आत त्याला अमेरिका सापडली. त्या जपानी कंपनीने लढाईच्या आधी एका अमेरिकन कंपनीचं यंत्रसामान आणि गाडीचे आराखडे विकत घेतले होते. शिकून घेतलं, मग स्वतः गाड्या बांधल्या. त्या गाड्यांतून सैन्य ब्रह्मदेशात उतरलं. हे सांगताना तो हसत नव्हता. शिकलेलं कुठे वापरलं जाईल याची हमी नसते, हे त्याने अंगावर झेललं होतं. तरी त्याचं शिकणं थांबलं नाही.

आणि पेद्रू. सांडोरचा पेद्रू लोहार इथे दाराशी उभा आहे. पेद्रू, आत ये. नाही? बरं. पेद्रू, भास्कर आणि गाडी दुरुस्तीची ती पत्र्याची शेड. दोघे दिवसभर भांडत. पेद्रू म्हणायचा, “तुला लोखंड कळत नाय.” भास्कर म्हणायचा, “तुला गाडी कळत नाही. म्हणून तर दोघं लागतो.”

मग तो उन्हाळा आला. रेल्वेच्या फाटकाशी जपानीणीचं पाणी उकळलं. पाण्याचा पंप फुटला. वर आपल्या सगळ्यांच्या केळ्यांचे घड होते, हिरवे, मुंबईला जायचे. ऊन लागू नये म्हणून आपणच ते वाळक्या पानांत गच्च दाबले, वरून ताडपत्री आवळली. पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवणारी माणसं आपण. वाळकी पानं, ऊब, बंद हवा, याला काय म्हणतात हे आपल्याला ठाऊक नव्हतं का? गाडी फाटकाशी अडकून पडली. ताडपत्री काढली तेव्हा सगळा माल पिवळा. मुंबईला जाईपर्यंत टिकणं शक्य नव्हतं.

बाबूकाका म्हणाले, “ही गाडी नव्हे, अढी आहे.”

सगळे हसले. भास्करही हसला. पण त्या दिवसापासून त्याला झोप लागेना. नवा पंप मिळेना. मूळच्या अमेरिकन कंपनीने मोटारी बनवणंच सोडलं होतं. तो मुंबईत भंगारवाल्यांकडे फिरला. दुसऱ्या गाड्यांचे पंप घासून बसवले. ते गळत. जपानीण एक खेप करी आणि पुढली खेप बैलगाड्यांवर पडे.

गेल्या वर्षी तो वाचनालयात धावत आला. पायांत चिखल, हातात वर्तमानपत्र. त्याच जपानी कंपनीने आता एका इंग्लिश कंपनीशी करार केला होता. सुरुवातीला सगळे भाग खोक्यांतून इंग्लंडहून यायचे, जपानात नुसते जोडायचे. मग दर वर्षी थोडे भाग जपानात करायचे. कराराची मुदत संपेपर्यंत अख्खी गाडी तिथेच व्हायला हवी.

मी म्हटलं, “बरं मग?”

तो चिडला. “बरं मग काय, मास्तर? हरले. गावं जळली. आणि ज्यांच्याशी लढले त्यांच्याच वर्गात पाटी घेऊन बसले. आपल्याला कसली लाज वाटते?”

त्याच आठवड्यात त्याने आपल्या मंडळाच्या बैठकीत ते सांगितलं. कोणाला कळलं नाही. तेव्हा तो म्हणाला, “नवी वाडी घेतली की आपण काय करतो? शेजाऱ्याच्या रहाटावर पाळी लावून पाणी घेतो. एका वर्षी रहाटाचे लोटे आपण करून देतो. पुढे लोट्यांची माळ. पुढे चाक. एक दिवस आपली विहीर, आपला रहाट. जपानी लोक एवढंच करतायत.”

मग त्याने लाकडाचा नमुना कोरला. पेद्रूने त्यावरून पितळेचा पंप ओतला. पहिला तडकला. दुसरा वाकडा आला. त्यानंतरचा बसला. गाडीला लावला त्याच संध्याकाळी भास्कर अंथरुणाला खिळला. तो पंप चालतो की नाही, हे कोणालाही माहीत नाही. भास्करलाही कळलं नाही.

उद्या मंडळाची बैठक आहे. विषय एकच: जपानीण भंगारात काढायची का. गाडी गेली की शेड जाईल. शेड गेली की पेद्रू परत कोयते आणि विळे घडवेल. काका, मी तुम्हाला अडवत नाही. तुमचाही माल फाटकाशी नासला होता. पण न बघता ठरवू नका, एवढंच मागतो.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरचा रहाट थांबतो. सुतकाचे दिवस झाले की पहिल्यांदा घरचं माणूस बैल जुंपत नाही. त्या विहिरीवर ज्याची पाळी असते, तो शेजारी येऊन जुंपतो. भास्करचे दिवस काल झाले. जपानीण अजून थांबलेली आहे.

मी सकाळी पेद्रूला विचारलं, “हँडल मारशील?”

तो म्हणाला, “मी कसा मारू? मी तुमच्यातला नाय. तुमच्या रीतीत मला धरतील काय?”

मी सुमनवहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “ही गाडीच त्यांची विहीर. तिच्यावर पाळी दुसऱ्या कोणाची होती, पेद्रूभाऊ?”

गाडीत आज घड भरले आहेत. वाळकी पानं घातलेली नाहीत. ताडपत्री सैल आहे. पाणी भरलं आहे.

आता आपण उभे राहू. शांतता किती वेळ पाळायची, ते मी सांगणार नाही. पेद्रू हँडल मारील. इंजिन लागेल किंवा लागणार नाही. लागलं, तर तोच गाडी स्टेशनवर नेईल; तिचा आवाज देवळाच्या वळणापलीकडे जाईपर्यंत कोणी बोलू नये. नंतर ज्यांना घरी जायचं आहे त्यांनी जावं. मी इथेच बसणार आहे, ती स्टेशनवरून परत येईपर्यंत. काका, माझ्या शेजारी जागा आहे.

भास्कर, तुला नमस्कार.

पेद्रू, जा.