त्रिज्या मायनस बारा

अभिराम : बेलापूरच्या मुलीकडून नकार आला.

मनाली : अरे देवा. कधी रे, दादा?

अभिराम : आलाच नाही.

मनाली : आत्ता तूच म्हणालास!

अभिराम : वैदेहीच्या बाबांचा फोन होता. ‘योग दिसत नाही,’ म्हणाले. मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. म्हणजे नकार त्यांच्याकडून निघालाय, इथे कोपरखैरण्याला पोचलेला नाही. तुर्भ्याच्या आसपास असेल.

मनाली : आईला काय सांगणारेस?

अभिराम : काय सांगायचं? काही झालेलंच नाही. ती दिवाळे गावातून मासळी घेऊन यायच्या आत मला ते वर्तुळ शिकव.

मनाली : परवा माझी प्रिलिम आहे. कुठलं वर्तुळ?

अभिराम : गुरुवारी बघायला गेलो, तेव्हा ‘तुम्ही दोघं जरा बोला’ म्हणून गॅलरीत पाठवलं. मी म्हटलं, हवा छान आहे. ती म्हणाली, बायोडाटात ‘आवड : गणित’ लिहिलंय. आणि वही पुढे केली. वाशीच्या क्लासमध्ये बारावीला शिकवते ना. हे बघ, पाठ झालंय मला : x² + y² − 6x + 4y − 12 = 0. केंद्र आणि त्रिज्या काढा.

मनाली : तू काय काढलंस?

अभिराम : केंद्र सहा, मायनस चार. त्रिज्या मायनस बारा.

मनाली : त्रिज्या? मायनस?

अभिराम : समोर आकडे तेवढेच होते. लोकांच्या घरी जाऊन जास्तीचे कशाला मागायचे?

मनाली : पण ‘आवड : गणित’ लिहिलं कोणी?

अभिराम : बाबांनी. त्याआधीच्या मुलीसाठी ‘आवड : शास्त्रीय संगीत’ होतं. तिथे मी पेटी बघून घाबरलो होतो.

मनाली : बस इथे. x² − 6x. सहाचा अर्धा?

अभिराम : तीन.

मनाली : त्याचा वर्ग?

अभिराम : नऊ.

मनाली : ते नऊ मिळव. x वजा तीनचा पूर्ण वर्ग तयार. तसंच y चं. चारचा अर्धा दोन, वर्ग चार.

अभिराम : नऊ आणले कुठून?

मनाली : आणायचे नाहीत, मिळवायचे.

अभिराम : असेच? कोणाला न विचारता? महाप्याला आमच्या कंपनीत साधा स्क्रू हवा असला तरी तीन सह्या लागतात.

मनाली : बारा पलीकडे ने. आता काय आलं?

अभिराम : त्रिज्या बाराचं वर्गमूळ.

मनाली : चूक! नऊ आणि चार उजवीकडेही मिळवायचे!

अभिराम : मायनस तरी नाहीये. सुधारणा आहे.

मनाली : एकाच बाजूला मिळवलंस तर वर्तुळच बदलतं, दादा! ते तिचं वर्तुळ राहत नाही! माझं डोकं उठलंय. सोड ना, दुसरं स्थळ बघतील आईबाबा.

अभिराम : मायनस बारा ऐकून ती हसली नाही, मने. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, ‘घाई नाही, परत करून बघा.’ मला आजवर सगळे ‘राहू दे’ म्हणत आलेत.

मनाली : …बरं. दे पेन. परत पहिल्यापासून.

(फोन वाजतो.)

अभिराम : उचलू नकोस. आपण घरात नाही.

मनाली : हॅलो. …हो, मी मनाली, त्याची बहीण. …हो, मघाशी नंबर बरोबरच होता. …अच्छा. …अगं बाई. …नाही, मी समजू शकते. …सांगते.

अभिराम : तिचे बाबा?

मनाली : वैदेही स्वतः होती. पोचला रे नकार.

अभिराम : त्रिज्येमुळे?

मनाली : नाही. ‘येत नाही म्हणाले असते, तर मी तिथेच शिकवलं असतं,’ म्हणाली. ‘मला सगळं येतं, ही प्रिंटिंग मिस्टेक आहे,’ असं म्हणालास तू?

अभिराम : हो.

मनाली : तिच्या हाताने लिहिलेल्या वहीत?

अभिराम : हो. …बारा, नऊ आणि चार. पंचवीस. केंद्र तीन, मायनस दोन. त्रिज्या पाच.

मनाली : …बरोबर आहे.

अभिराम : फोन लाव तिला.

मनाली : नको रे, दादा.

अभिराम : मग लिहून घे. प्रति, वैदेहीचे वडील, बेलापूर. विषय : फेरतपासणीबाबत. महोदय, गुरुवारी घेतलेल्या तोंडी परीक्षेत अर्जदाराचे उत्तर चुकले, त्यावर तो खोटेही बोलला. दोन्ही मान्य. तथापि सदर वर्तुळ त्याने आज, नकार पोचल्यावर, कोणताही लाभ होणार नाही हे माहीत असूनही सोडवले आहे.

मनाली : दादा…

अभिराम : लिही. सबब, उत्तराचे गुण मागत नाही. पद्धतीचे तेवढे मिळावेत, ही नम्र विनंती.