पेडगावच्या मेंढक्याचं ब्लॉकिंग

आमी परभणीजवळच्या पेडगावकडचे, मेंढरंवाले. बापाची साठेक मेंढरं, मी थोरला, म्हंजे ती माझ्याच गळ्यात यायची. पण कॉलेजच्या गॅदरिंगला नाटकात काम केलं, टाळ्या पडल्या, आन् आपुन हिरो व्हायचं असं डोक्यात बसलं. परभणीत नाटकाचा वर्षाचा वर्ग निघाला होता. बाप म्हणाला जा, एक वर्ष देतो, नापास झालास तर काठी घे आन् मेंढरामागं लाग. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, एसटी आज हाय तर उद्या न्हाई, मग पायीच.

काय सांगू तुमाला, पहिल्याच दिवशी सरांनी शब्दांचं पोतंच उपडं केलं. विंग, अपस्टेज, डाउनस्टेज, ब्लॉकिंग. शहरातली पोरं माना डोलवायलीत, म्हणून मीबी डोलवली. सुट्टीला घरी आलो की मेंढरं चारताना ते शब्द मोठ्यानं पाठ करायचो. मेंढरं लय गुणी, एकानंबी अर्थ विचारला न्हाई.

वर्षाच्या शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मातर विचारला. ब्लॉकिंग म्हणजे काय? मी घडाघडा म्हणलं, पात्रांच्या हालचालींची आखणी. त्या म्हणाल्या, छान, आता करून दाखवा, ही पंधरा मुलं म्हणजे बाजारातली गर्दी, या टोकाकडून त्या टोकाला न्या.

माझ्या आधीच्या पोरानं एकेकाला दंडाला धरून जागा दाखवल्या होत्या, तर शेवटचा उभा राहीपर्यंत पहिला आपली जागा विसरला. मी फकस्त एका उंच पोराला सांगितलं, तू चाल, बाकीचे येतेत. आन् सवयीनं गर्दीच्या मागं जाऊन हात पसरले. गेली की सगळी, झुळझुळ. बाईंना पोरं दिसायलीत, मीच दिसंना. तुम्ही कुठे आहात, म्हणल्या. म्हणलं, मागं हाय बाई, पुढं उभं राहिलं की बुजतेत.

बाई डोळे पुसूपुसू हासल्या. पास केलं, आन् शेरा मारला, यांना नाटक बसवू द्या, यांच्याकडून काम करून घेऊ नका.

बापाला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, बरं झालं, धाकटा मेंढरं तुझ्यापेक्षा चांगली राखतो.

आता पन्नाशी उलटली. गंगाखेडपातुर किती नाटकं बसवली, मोजली न्हाईत. नाटक संपलं की माणसं फोटो काढायला स्टेजवर चढतेत, मला म्हणतेत काका, जरा बाजूला व्हा. मी होतो. पोरं चांगली दिसायलीत, दिसू द्या.