पत्र्याच्या शेडातली पिकअप

धायरीच्या बसमध्ये माझ्यापुढं दोन शेजारी बसलेले.

“मच्छिंद्र, मी गावाला गेलो अन् तू पिकअप उंच केलीस?”

“केली कादरभाई. घरच्या शेडातच स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घातले. मग गाडी दारातनं निघंना!”

“दार मोजलं नाहीस?”

“न्हाई ना! अन् तवाच आईला दम लागला. मी ओरडलो. तुमच्या अख्तरभाभी तव्यावरची भाकरी टाकून पिठाच्या हातानंच धावल्या. सगळी गल्ली मागं चढून बसली. वजनानं पाटे दबले, गाडी भाईर आली. दवाखाना गाठला, म्हणून आई हाय. भाभींना काय देऊ, सांगा.”

“दार वाढव आधी.”

“आई नको म्हणती. गाडी काढायच्या निमित्तानं रोज माणसं येत्यात म्हणं.”

“वाढव बाबा. भाकरी करपली की मलाच खावी लागते.”