समोरचं माहेर

धरणाकाठच्या बोरगावात नवा घाट बांधून झाला, चहाचे ठेले आले, शहरातली माणसं प्लॉट बघायला येऊ लागली. आणि आज पलीकडच्या पिंपरीला पहिली मोटारबोट सुटणार होती. रांगेत उभी असलेली गावातलीच पूनम आपल्या लेकराच्या लाइफ जॅकेटचा पट्टा पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. तिच्यापुढे नर्मदाबाई आणि त्यांची शेजारीण खतीजाबी.

"खतीजा, माहं माहेर दिसून राहिलं बग! त्ये पांढरं घर!"

"रोजच तर दिसतं, नर्मदाबाई."

"दिसतं, पन जायाला फाट्यावरून दोन जीपा बदलाव्या लागत व्हत्या. आता नुसता चहा प्यायला जाईन!"

"मंग तुमची कांचन पन जाईल की. तुमच्या सुनंचं माहेरबी पिंपरीच."

"ती? तिला काहून? ती रोज पळाली तर घरचं कोन पाहील?"

"बराबर. तुमची सासूबी हेच म्हनायची."

"तिचं नावच नको काढू. दिवाळीलाबी सोडलं न्हाई मला बाईनं."

"मला काय सांगता? हितंच काठावर बसून रडायच्या तुमी."

नर्मदाबाईंनी पिशवीतून फोन काढला. बोटवाल्या जुबेरनं इंजिन सुरू केलं.

"चला मावशी, बसा!"

"थांब रे बाबा, फोन लावू दे... हालो, कांचन? गॅस बंद कर आन् घाटाकडं पळ!... न्हाई गं, कोनाला काई झालं न्हाई!... भाकरी ऱ्हाऊ दे, आज तुह्या मायच्या हातची खाय!... साडी कायची बदलतीस, बोट सुटून राहिली!"